एकतीस चेंडू

७ एप्रिल, रविवार

बेसबॉल शिकवणाऱ्या निनोमिया सरांनी शाळेच्या कपाटात दोन वर्षं पडून असलेला वेगमापक माझ्या हातात दिला. म्हणाले, "शिओरी, आठवडाभर कारखान्यात बेअरिंग मोजतेस. रविवारी आमची पोरं मोज." नादकाट्याने तपासला. ताशी एक किलोमीटर जास्त दाखवतो. प्रत्येक आकड्यातून एक वजा करायचा, असं पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, दोघंच. माझा भाऊ इत्सुकी, तिसऱ्या वर्षाचा. शाळेतला हा त्याचा शेवटचा उन्हाळा. आणि तोया, दुसऱ्या वर्षाचा, हात लांब, कान बाहेर. दर रविवारी प्रत्येकाचे तीस चेंडू मोजायचे, कॅमेऱ्यात टिपायचे. दोन गोष्टी नोंदवायच्या: वेग, आणि फलंदाजामागे बसलेल्या कॅचरने ग्लव्ह धरला होता तिथेच चेंडू गेला की नाही.

आज इत्सुकीचा सरासरी वेग १२८, तोयाचा १३६.

वहीची मागची पानं रिकामी आहेत. जे आकड्यांत बसत नाही ते तिथे लिहीन. फार नसेल.

१४ एप्रिल, रविवार

इत्सुकीचा नववा चेंडू खोडला. टाकताना पुढचा पाय घसरला होता. शेजारी कारण लिहून सही केली. कारखान्यातही हाच नियम आहे. कारण न लिहिता वाचन खोडणारा माणूस आमच्या मापन-कक्षात टिकत नाही.

येताना आईच्या केशकर्तनालयात थांबले. चार खेळाडू रांगेत बसले होते, सगळ्यांची डोकी तीन मिलिमीटरवर आणायची होती. आई मशीन चालवता चालवता म्हणाली, "काय गं, माझं पोरगं मापात बसतंय का?"

म्हटलं, "नेम चांगला आहे. वेग कमी आहे."

"तुझा भाऊ आहे तो, नट-बोल्ट नाही."

खुर्चीतला मुलगा हसला, तर त्याच्या डोक्यावर टपली बसली. "हलू नकोस, कान जाईल."

२५ एप्रिल, गुरुवार

सेंटरला, म्हणजे मैदानाच्या पार मागे मधोमध, खेळणारा मुलगा वडिलांची बदली झाल्यामुळे शाळा सोडून गेला. नवा माणूस मिळेपर्यंत सरांनी आठवड्याचे पाच दिवस इत्सुकीला त्याच्या जागी उभं केलं आहे. रविवारी मात्र तो पिचरच्या उंचवट्यावरून चेंडू टाकेल.

जेवताना एकसारखा बोलत होता. "ताई, सेंटरला ना, बॅटचा आवाज उशिरा येतो. चेंडू उडालेला आधी दिसतो, ठक् मागून ऐकू येतं. त्या मधल्या वेळात पळायला लागायचं. आवाजाची वाट बघितलीस तर संपलं."

हिशेब केला. नव्वद मीटर, आवाजाचा वेग ३४०. ०.२६ सेकंद. त्याचं निरीक्षण बरोबर आहे.

भाताचे तीन वाडगे खाल्ले. त्याशिवाय तळलेल्या मासळीच्या वड्या, माझ्या वाट्याची एक धरून.

५ मे, रविवार

उष्ण. टेकडीवरच्या संत्र्यांना मोहोर आहे, सगळ्या मैदानावर वास.

इत्सुकीचे तीस झाले. पाच खोडले. तीनदा समुद्राकडून वारा, एकदा कॅमेऱ्याची तिपाई हलली, एकदा कॅचरने खूण उशिरा दिली.

घरी येऊन एकच वाडगा खाल्ला आणि झोपला. गेल्या चार रविवारी असंच झालं आहे, म्हणून एक छोटा तक्ता केला. सेंटरच्या दिवशी भात सरासरी २.८ वाडगे, पिचिंगच्या दिवशी १.२. उंचवट्यावर सावली नाही. उन्हाने भूक मरत असावी. त्याच्या बाटलीत मीठ-साखर घालायला आईला सांगितलं.

आई म्हणाली, "ऊन काय सेंटरला नसतं?"

मीठ-साखर मग मीच घातली.

१२ मे, रविवार

तोयाच्या बाविसाव्या चेंडूला त्याचा पाय घसरला. चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जाळीत. धावत माझ्याकडे आला, टोपी काढली. घामाने कान चमकत होते.

"ताई, माझा पण पाय घसरला होता. हा खोडणार का?"

म्हटलं, "पाय रोवता येणं हाही पिचिंगचाच भाग आहे."

"बरोबर आहे, ताई." टोपी घातली आणि परत गेला. तक्रारीच्या सुरात नाही, वेळ विचारावी तसं विचारलं होतं. मुलगा सरळ आहे. तेविसावा बरोबर ग्लव्हमध्ये टाकला.

२६ मे, रविवार

आठ रविवार पूर्ण झाले. सरांना तक्ता दिला.

इत्सुकी: वेग १२८, नेम शंभरात ७१.
तोया: वेग १३६, नेम शंभरात ५९.

सरांनी चष्मा वर करून तो बघितला, मग खाली करून बघितला. इत्सुकीला बोलावलं. मी वेगमापकाची पेटी भरत होते म्हणून ऐकू आलं.

"हे बघ. वेग तोयाचा, नेम तुझा. स्पर्धेत नेमवाला पिचर मला चालेल. पिचर म्हणून राहतो म्हणालास तर पाठीवर १ तुझा, तोयाला १०. म्हणजे तो राखीव. पण सेंटरलाही तुझ्याइतका पळणारा माझ्याकडे दुसरा नाही. तिकडे जातोस तर ८ तुझा, कायमचा, आणि १ तोयाचा. अर्धा इकडे अर्धा तिकडे असलं मला नको. मागच्या साली असा एक ठेवला होता, तो दोन्हीकडे उशिरा पोहोचायचा. सोळा जूनच्या सकाळपर्यंत सांग."

इत्सुकी म्हणाला, "तीन आठवडे मिळतील ना, सर? नक्की?"

१ हा आकडा समोर ठेवलेला असताना मुलगा विचाराला तीन आठवडे मागतो, हे मला समजलं नाही. या गावात दुसरीतल्या पोराला विचारलं तरी तो सांगेल की १ म्हणजे संघाचा मुख्य पिचर.

२९ मे, बुधवार

जेवण झाल्यावर इत्सुकी माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. दाराच्या चौकटीला डोकं लागतं आता त्याचं.

"ताई, तुला काय वाटतं?"

"पिचर. आकडे तेच सांगतात."

"आकडे ठीक. तुला काय वाटतं?"

"मला वेगळं काही वाटायचं कारण नाही."

"बरं." दारातून हलला मात्र नाही. मग म्हणाला, "रविवारी मी टाकत असतो तेव्हा तू जाळीला अगदी चिकटून बसतेस. नाकाला जाळीची खूण उठते. माहितेय का तुला?"

म्हटलं, "जवळून अचूक दिसतं."

"हो. तेच." आणि गेला.

३ जून, सोमवार

चित्रफिती पुन्हा तपासल्या. एप्रिलमध्ये इत्सुकीच्या हातून चेंडू सुटण्याची जागा जिथे होती तिथून ती आता सहा सेंटिमीटर बाहेर सरकली आहे. कारण उघड आहे. सेंटरवरून लांब फेकताना हात मोठ्या वर्तुळात फिरवावा लागतो. ती सवय पिचिंगमध्ये शिरते. सर बरोबर बोलले, दोन्ही जमणार नाही.

त्याला दाखवलं. म्हटलं, "सेंटर आत्ता बंद केलंस तर दहा दिवसांत हात मूळ जागी येईल."

तो पडद्याकडे बघत राहिला. "आणि नाही बंद केलं तर?"

"तर अजून बाहेर जाईल."

"म्हणजे हात आपणहून तिकडे चाललाय," तो म्हणाला.

हाताला आपणहून काही नसतं, हे त्याला समजावून सांगितलं. ऐकून घेतलं त्याने.

८ जून, शनिवार

आई केस कापायला बोलावते, मी टाळते, आज पकडलं. खुर्चीत बसवून पाठीमागून बोलायला लागली. आरशात तिच्याकडे बघायचं नसेल तर डोळे मिटण्याशिवाय उपाय नसतो.

"इत्सुकी दोन दिवस झोपलेला नाही. तू काय सांगितलंस त्याला?"

"आकडे सांगितले."

"पंधरा वर्षांची होतीस तेव्हा मैदानावरून आलीस, ग्लव्ह त्या टॉवेलच्या कपाटात टाकलास, आणि दुसऱ्या दिवशी तंत्रनिकेतनाचा अर्ज भरलास. एक शब्द बोलली नाहीस. मी म्हटलं, रडेल. रडलीसुद्धा नाहीस."

"मुलींना शाळांच्या स्पर्धेत उतरता येत नाही. नियम आधीपासून माहीत होता. रडण्यासारखं नवीन काही घडलं नव्हतं."

"हो का?" आईने मानेवरचे केस ब्रशने झटकले, नेहमीपेक्षा जरा जोरात. "ग्लव्ह कपाटातून कोणी काढला ते तरी माहितेय?"

माहीत होतं. इत्सुकी तेव्हा सात वर्षांचा होता. पण याचा आत्ताच्या प्रश्नाशी संबंध नाही. केस दोन सेंटिमीटर कापायला सांगितले होते, तिने चार कापले.

१५ जून, शनिवार

जसं घडलं त्या क्रमाने लिहिते.

उद्या सकाळी इत्सुकीने सरांना सांगायचं आहे. तो अजून ठरवत नाही, म्हणून आज दुपारी त्याच्यासाठी तक्ता आणखी पक्का करायला बसले. मला वाटलं, त्याची आकड्यांबद्दल काही शंका असेल तर ती मिटावी. खोडलेल्या चेंडूंची वेगळी यादी जोडायची राहिली होती. नियमाप्रमाणे ती जोडावी लागते. वहीतून उतरवून काढली.

दोघांचे प्रत्येकी दोनशे चाळीस चेंडू. तोयाचे खोडलेले: तीन. इत्सुकीचे खोडलेले: एकतीस.

आधी वाटलं, मोजण्यात चूक झाली. पुन्हा मोजले. एकतीस.

मग कॅमेऱ्यात ते एकतीसही बघितले. एकही ग्लव्हमध्ये गेलेला नाही. चुकलेल्याच चेंडूंना मला कारण सापडलं होतं. पाय घसरूनही ग्लव्हमध्ये गेलेले चार चेंडू मी ठेवले होते. आणि वारा खोटा नव्हता, पण मैदानावर तो काही नावं विचारून वाहत नाही. इत्सुकीनंतर दहा मिनिटांनी तोयाने टाकले तेव्हाही तो होताच. बारा मेच्या पानावर तोयाचा बाविसावा चेंडू आहे. त्याच्यापुढे माझ्या अक्षरात काहीही लिहिलेलं नाही.

सगळे चेंडू धरून नवा तक्ता:

इत्सुकी ६२.
तोया ५८.

नेमात चारचा फरक. वेगात आठचा, उलट बाजूने. या तक्त्यावर कोणताही प्रशिक्षक १ क्रमांक तोयाला देईल. त्यासाठी चष्मा वर-खाली करावा लागणार नाही.

कारखान्यात एखाद्या मुलीने अशी नोंद ठेवली असती तर तिला मी विचारलं असतं की हे मुद्दाम केलंस का. मुद्दाम केलेलं नाही. प्रत्येक वेळी कारण खरं वाटलं होतं. हे जास्त वाईट आहे. मुद्दाम केलं असतं तर निदान कुठे थांबायचं ते माहीत असतं.

संध्याकाळी इत्सुकी सायकलवरून आला. त्याला बंदराच्या भिंतीपाशी नेलं आणि सांगितलं. दोन्ही तक्ते दाखवले. माझं बोलणं चार मिनिटं चाललं असेल.

तो म्हणाला, "माहितेय मला."

"काय माहितेय?"

"तू खोडायचीस ते. मी उंचवट्यावर असतो ना ताई, तोंड तुझ्याकडेच असतं. चेंडू गेला की तुझं पेन आडवं फिरायचं. मी मनात म्हणायचो, आता ताई काय कारण काढते बघू."

"मग बोलला का नाहीस?"

तो पाण्याकडे बघत होता. खाली एक माणूस मासेमारीच्या नावेला दोर गुंडाळत होता आणि आमच्याकडे बघणं टाळत होता.

"तू त्या साली कोणाशीच बोलत नव्हतीस," इत्सुकी म्हणाला. "मी लहान होतो, पण कळत होतं. बाबा बोटीवर, आई दुकानात. तू खोलीत. मग मी तुझा ग्लव्ह काढला, मागच्या अंगणात भिंतीवर चेंडू मारत बसलो. तू खिडकी उघडलीस आणि म्हणालीस, असं नाही टाकत. बाहेर आलीस. तासभर बोललीस. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टाकला, तू पुन्हा आलीस."

"तुला शिकायचं होतं."

"मला तू यायला हवी होतीस."

खाली तो माणूस दोर गुंडाळून केव्हाच गेला होता.

इत्सुकी म्हणाला, "मग शाळेत गेलो, सगळे म्हणाले, हा पिचर. म्हटलं, ठीक. वाईट काय आहे. पण ताई, उंचवट्यावर उभा राहिलो की पोटात गोळा येतो. दहा वर्षं झाली, जात नाही. आणि सेंटरला..." त्याने हात पसरले. "सेंटरला नाही येत."

म्हटलं, "मला वाटायचं, उन्हामुळे जेवत नाहीस."

तो इतका हसला की भिंतीवरून पडला असता. "मीठ-साखर घातलीस माझ्या बाटलीत! दीड महिना! मला वाटलं आईची चूक असेल, म्हणून गुपचूप प्यायलो!"

मग सांगितलं की उद्या सकाळी मी सरांना खरा तक्ता देणार. तो गंभीर झाला.

"किती वाजता?"

"आठला. सराव सुटल्यावर."

"मग मी आधी जातो. सातला."

"एका तासाने काय फरक पडतो?"

"तू आधी सांगितलंस तर सर मला काढतील. मग मी ८ घेतला तरी तो उरलेला ८. मला १ माझा आहे तोवर नको म्हणायचंय."

विचार केला. त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण त्यात एक अडचण आहे, तीही सांगितली. सरांना वाटेल की तो ७१चा पिचर सोडतो आहे. आहे तो ६२चा.

"एक तासभर वाटू दे," इत्सुकी म्हणाला. "तेवढं माझं चालेल का?"

चालेल म्हटलं.

१६ जून, रविवार

तो सातला गेला. मी आठला.

सरांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. साहित्याच्या खोलीत फार उकडत होतं.

"ही खोडलेल्यांची कारणं खोटी आहेत?"

"नाही सर. पाय घसरलाच होता. वाराही होता. फक्त तोयालाही होता."

"मी यावरून तुझ्या भावाला १ देत होतो."

"हो."

"आणि तोयाला १०."

"हो."

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाले, "इत्सुकी आत्ता येऊन ८ मागून गेला. तुला माहीत होतं?"

"हो."

"मग झालं की. हा कागद फाडून टाकला असतास तरी सगळं होतं तसंच झालं असतं. कशाला आणलास?"

"तोयासाठी, सर. १ त्याला उरला म्हणून मिळता कामा नये. तो त्याचाच होता."

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता ओरडतील. आवाज चढला नाही, ते जड गेलं. म्हणाले, "दोन महिने मी तुझ्या वहीवर डोळे झाकून विश्वास ठेवला, शिओरी. मोजणं बंद. आणि तोयाला तू सांगायचंस. मी नाही."

तोया नळावर तोंड धूत होता. त्याला तक्ता दाखवला, काय केलं ते सांगितलं, बारा मेचा बाविसावा चेंडूही सांगितला, आणि वाकून माफी मागितली. तो घाबरला, माझ्याहून खाली वाकला. आमची डोकी जवळजवळ आपटली.

"मग ताई, तो घसरलेला आता खोडणार?"

"नाही. सगळेच राहतील. दोघांचेही."

त्याने कागद ओल्या बोटांनी धरला. "म्हणजे मी चांगला आहे?"

"शंभरात ५८ आहेस. वेग—"

"ताई, एकदा नुसतं हो म्हणा ना."

"हो," मी म्हणाले.

त्याचे कान लाल झाले. पुन्हा तोंड धुवायला लागला, धुतलेलंच.

२२ जून, शनिवार

आज क्रमांक वाटले. सर एकेकाचं नाव घेतात, मुलगा "हो!" म्हणून पुढे येतो, दोन्ही हातांनी क्रमांकाचा पांढरा कापडी चौकोन घेतो. तोयाचा "हो" पहिलाच होता आणि चिरकला. कोणी हसलं नाही. इत्सुकीचा आठवा. त्याने कापड घेतलं, उलटं करून बघितलं, जणू पाठीमागेही काही लिहिलं असेल.

संध्याकाळी ते माझ्यापुढे धरलं. "शिवून दे ना. आई वाकडा शिवते."

आई आतून ओरडली, "वाकडा? तीन वर्षं माझ्या हातचा घालतोस आणि वाकडा?"

"आई, मागच्या साली माझा १४ बाजूला झुकला होता. लोक मान वाकडी करून वाचत होते."

"वाचत होते ना? मग!"

पट्टी लावून चारही कडा समान अंतरावर घेतल्या. टाके तीन मिलिमीटरचे. सुई दोनदा बोटात गेली. मी हे काम करताना तो समोर बसून संत्र्याचा रस पीत होता, उठत नव्हता. मीही उठ म्हटलं नाही.

२६ जून, बुधवार

सरांचा निरोप आला. फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकायला माणूस कमी पडतो आहे. मोजणं बंद आहे म्हणजे रविवारी माझे हात रिकामे आहेत, तेव्हा यावं. शिक्षा आहे की काय ते कळलं नाही. विचारलं, तर म्हणाले, "तुला काय समजायचं ते समज. सकाळी सहा."

ग्लव्ह इत्सुकीला लहान होऊन पाच वर्षं झाली. आईने तो न विचारता टेबलावर आणून ठेवला. तेल लावलेला होता. कधी लावलं, विचारलं नाही.

७ जुलै, रविवार

पहिला सामना शनिवारी. आज शेवटचा मोठा सराव.

उंचवट्याच्या चार मीटर पुढे, जाळीच्या आडोशाला उभं राहून टाकायचं होतं. सर म्हणाले, "खेळता येतील असे टाक. कोणाला बाद करायला बोलावलेलं नाही." पहिले सात-आठ कोणालाच खेळता आले नाहीत. एक तर फलंदाजाच्या पाठीमागून गेला. त्याने टोपी काढून मला नमस्कार केला, तेव्हा कॅचर हसून खाली बसला. नंतर जमायला लागलं. खांदा मात्र दुखत होता. दहा वर्षांनी दुखणारच.

तोयाची पाळी आली. त्याने एक समोर उंच मारला. माझ्या डोक्यावरून गेला. असं झालं की पिचर मागे वळतो. मी वळले तेव्हा कळलं की वळले आहे.

एरवी मी जाळीमागे, नाक लावून. तिथून सेंटर म्हणजे सगळ्यांच्या पलीकडे हलणारा एक पांढरा ठिपका असतो. आज त्याच्या आणि माझ्यामध्ये नुसतं गवत होतं. इत्सुकी आमच्याकडे पाठ करून पळत होता. चेंडूकडे बघतही नव्हता. चेंडू कुठे उतरणार हे आधीच ठरलेलं आहे आणि तिथे वेळेवर पोहोचायचं एवढंच उरलं आहे, असा पळत होता. कुंपणाच्या दोन पावलं अलीकडे मान वळवली, हात लांब केला, चेंडू आत आला.

मग तो हसला. कोणाकडे बघून नाही. आजूबाजूला कोणी नव्हतंच. लहानपणी भिंतीवर चेंडू मारायचा तेव्हापासून त्याने माझ्यासमोर किती हजार टाकले असतील, पण असं हसणं मी एकदाही पाहिलेलं नाही. आणि इतकी वर्षं मी जवळून बघत होते.

त्याने चेंडू माझ्याकडे फेकला. हात मोठ्या वर्तुळात फिरला, पूर्ण मोकळा. चेंडू जमिनीला न लागता थेट आला, छातीच्या उंचीवर. तळव्याला झिणझिण्या आल्या.

तोंडाभोवती दोन्ही हात धरून तो तिकडून ओरडला, "ताई! कोपर खाली येतंय!"

सगळं मैदान हसलं. सरसुद्धा.

कोपर खरंच खाली येत होतं. वर घेतलं आणि पुढचा टाकला.